श्रावणीच्या माहेरचे किडे

लोकांच्या सुना माहेराहून येतात तेव्हा शेव-चिवडा आणतात, कुरड्या-पापड आणतात, फारच लाडाची असली तर आईनं दिलेली नवी साडी दाखवत फिरतात. खुशालरावांच्या धाकट्या सुनेनं, श्रावणीनं, किडे आणले.

पंचमीला गेली होती. अकोल्याजवळच्या तिच्या गावाहून एसटीनं अमरावती, तिथून मोर्शी आणि मोर्शीहून ऑटो. ऑटोतून उतरली तेव्हा कपड्यांची पिशवी खांद्याला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली प्लास्टिकची बरणी. झाकणाला दाभणानं भोकं पाडलेली. आत गाजरगवताचे शेंडे कोंबलेले आणि त्यावर तुरीच्या दाण्याएवढे भुंगे, पांढुरक्या पाठीवर काळ्या नागमोडी रेघांचे.

"हे काय व?" थोरली जाऊ तारा दारात उभी होती, हात पिठाचे.

"ताई, हे गाजरगवत खातात. नुसतं गाजरगवतच, दुसऱ्या कशाले तोंड लावत नाहीत. बाबांनी मांगल्या साली विद्यापीठातून आणले होते. आता आमच्या धुऱ्यावर गाजरगवत औषधाले भेटत नाही."

"बकरी तोंड लावत नाही त्याले. आन् हे एवढेसे किडे खातात?"

ओसरीवर खुर्चीत खुशालराव बसले होते. गळ्याभोवती दुपट्टा, उन्हाकडे पाठ. "आण इकडं पोरी, पाहू," ते म्हणाले. बरणी हातात घेऊन त्यांनी झाकण उघडलं आणि एका भुंग्याला बोट लावलं. तो टपकन खाली पडला, पाय आखडून मेल्यासारखा. म्हातारा घाबरला. एवढ्या दुरून आणलेला जीव आपण मारला की काय! तेवढ्यात भुंग्यानं एक पाय हलवला, मग दुसरा, आणि चालता झाला.

"नाटक्या हाय बेटा!" खुशालराव असे हसले की खोकला लागला.

सासू पार्बताबाई गेल्यापासून या घरात कोणी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. तारानं किती खटाटोप केले होते त्यासाठी! आवडीची भरडाभाजी केली, पोरगी खुशी अमरावतीच्या होस्टेलातून आली की तिला आजोबाजवळ बसवलं, टीव्ही दुरुस्त करून आणवला. नाही हसले. आणि किड्यानं हसवलं! ताराच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. आता पोटात म्हणजे कुठं, ते समजणाऱ्यानं समजून घ्यावं.

खुशालरावांना गाजरगवत बाधलं होतं. सगळ्यांना बाधत नाही. पण ज्याला बाधतं त्याचं जिणं हराम करून टाकतं. मान, पापण्या, कोपराच्या घड्या, सगळीकडे कातडी जाड होऊन भेगाळलेली. उन्हात गेले की आग, घाम आला की खाज, खाजवलं की रक्त. मोर्शीच्या डॉक्टरनं मलम दिला आणि सांगितलं, गवतापासून दूर राहा. आता शेतकऱ्यानं गवतापासून दूर म्हणजे कुठं राहावं, चंद्रावर?

म्हणून ते घरात बसले. वावरात जाणं सुटलं. मग रोज संध्याकाळी तारा हातपाय धुऊन ओसरीवर बसायची आणि त्यांना वावर सांगायची. तूर किती चढली, विहिरीत पाणी कुठल्या पायरीला आहे, रोह्यांनी, म्हणजे नीलगाईंनी, कोणत्या बाजूनं शिरकाव केला. म्हातारा डोळे मिटून ऐकायचा. मधेच कपाशीचं विचारायचा, "बोरीखालची पऱ्हाटी काहून पिवळी पडून राहिली?" आणि तारा सांगायची. थोरला मुलगा किशोर, म्हणजे ताराचा नवरा, त्याला हे सांगणं कधी जमलं नाही. तो "सगळं बराबर हाय" एवढंच म्हणायचा. धाकटा शुभंकर मोर्शीच्या मंडीत संत्र्याची गाडी चालवायचा, त्याला वावराचं नाव नको. तेव्हा म्हाताऱ्याचं वावर म्हणजे ताराचं तोंड. गाजरगवतही तीच उपटायची, पऱ्हाटीतलं, तुरीतलं, धुऱ्यावरचं म्हणजे बांधावरचंही. आल्यागेल्याला खुशालराव सांगायचे, "मह्या ताराच्या हाताले गाजरगवत भेते."

फक्त एक तुकडा तिच्या हाताला भ्यायला नव्हता. त्याला बागेचं वावर म्हणत, पण बाग कुठं होती? संत्र्याच्या झाडांना डिंक्या लागला, झाडं वाळली, खोडं उपटून टाकली, आणि त्याच साली पार्बताबाई गेल्या. पुढं कोणाचं मनच झालं नाही पेरायचं. गाजरगवताला एवढंच पाहिजे होतं. आता कमरेपर्यंत उंच, वरून साबुदाणा सांडल्यासारखी पांढरी फुलं.

श्रावणीनं ते भुंगे तिथं सोडले. एकेक शेंड्यावर एकेक, देवाला फूल वाहावं तशी. तारा धुऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"लग्न लावून दे त्यायचं," ती म्हणाली.

श्रावणी हसली. तिला टोमणा कळला नाही की कळून हसली, हे ताराला कळलं नाही, आणि तिला त्याचाच जास्त राग आला.

काही दिवस काहीच दिसलं नाही. तारा खूश होती. रोज संध्याकाळी वावर सांगताना ती शेवटी न विचारता सांगायची, "किड्यायचा काही पत्ता नाही बाप्पा. चिमण्यायनं खाल्ले असतीन." श्रावणी आतून म्हणायची, "येळ लागते, मामाजी. आधी अंडी घालतीन." पोळ्याच्या आसपास मात्र शेंडे बारीक व्हायला लागले. पानांना भोकं पडली. मग पानं गेली, नुसत्या शिरा उरल्या. पिवळसर अळ्या शेंड्याशेंड्यावर लदलेल्या, खाऊन खाऊन फुगलेल्या. एका कोपऱ्यात तर गाजरगवताच्या नुसत्या काड्या उभ्या राहिल्या.

हे तारानं सांगितलं नाही. ती तुरीचं सांगत बसली. सांगितलं श्रावणीनं. फोनमध्ये फोटो काढून आणला आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यापुढं धरला. खुशालरावांनी चष्मा पुसला, फोटो मोठा करायला लावला, परत पुसला. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर त्यांनी शुभंकरची गाडी काढायला लावली. पुऱ्या बाह्यांचा सदरा, दुपट्टा, डोक्यावर छत्री, संगं श्रावणी. रस्त्यावरूनच पाहिलं. आत गेले नाहीत. आले ते जवान होऊन आले.

तारा चहा घेऊन ओसरीवर आली तेव्हा ते धाकटीला म्हणत होते, "औंदा बागेच्या वावरात हरभरा पेरू. आन् सांगून ठेवतो, जिच्या हातानं थे वावर मोकळं होईन, तिच्या हातची पहिली मूठ."

आता हे मूठ काय प्रकरण आहे ते सांगितलं पाहिजे. या घरात पेरणीची पहिली ओळ बाईच्या हातची. तिफण गड्यानं हाकायची, पण पहिल्या ओळीत दाणा टाकायचा तो घरच्या थोरल्या बाईनं, आपल्या मुठीतून. मग बाकीचं वावर ट्रॅक्टरनं पेरा नाही तर विमानानं पेरा. पार्बताबाई टाकायच्या. त्या गेल्यावर तारा. या घरात ताराला दागिना मिळाला नव्हता, नावावर जमीन नव्हती, खुर्चीत बसायचा मान नव्हता. तिला ही एक मूठ मिळाली होती. सासूनं आजारात तिचा हात धरून सांगितलं होतं, "आता तू टाकत जाय व."

तारानं चहा सांडला नाही. नीट ठेवला. आत गेली आणि घासलेली कढई परत घासायला बसली.

"अवं, म्हातारा खुशीत बोलला," किशोर म्हणाला.

"खुशीतच माणूस खरं बोलते."

"एक मूठच त हाय. तू टाकली काय आन् तिनं टाकली काय."

"तुमी जेवून घ्या," तारा म्हणाली. नवऱ्याला काही समजावून सांगण्याची तिची उमेद केव्हाच संपली होती.

रातभर तिनं विचार केला आणि सकाळी तो विचार तिला इतका सोपा वाटला की हसू आलं. हातानं मोकळं होईल, असं म्हातारा म्हणाला होता. किड्यांना कुठं हात असतात?

दुसऱ्या दिवसापासून तिनं बागेचं वावर धरलं. घरचं आवरून, पऱ्हाटीचं निंदण करून, बाकीच्या बाया घरी निघाल्या की ही तिकडं वळायची. आधी हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. त्यात घाम साचला, बोटं घसरायला लागली, गवत वरूनच तुटायचं आणि मूळ जमिनीत. वरून तोडलेलं गाजरगवत दुप्पट फुटतं, हे कोणत्याही पोराला विचारा. मग तिनं पिशव्या काढून फेकल्या. उघड्या हातानं बुंध्याशी धरायचं, अंगाचा झोक द्यायचा, मुळासकट उपटायचं, माती झटकायची, ढीग करायचा. माती झटकली की फुलांची पांढरी धूळ उडायची, नाकात जायची, मानेवर बसायची. कडू वास घरापर्यंत अंगाला यायचा. भुंग्यांनी अर्धी खाल्लेली झाडं ती आधी उपटायची. पूर्ण हिरवी मागं ठेवायची. किड्यांच्या नावावर काही जमा व्हायला नको, हे तिचं गणित होतं, आणि वाईट नव्हतं.

धुऱ्यापलीकडं हुसेनचं वावर. त्याची बायको अफसाना मिरच्या तोडायला यायची. दोघी एका वयाच्या, एकमेकींच्या घरच्या लोणच्यापर्यंतची ओळख.

"तारा, इत्ता कायको मर रई तू?" अफसाना धुऱ्यावर येऊन म्हणाली. "वो कीडे खा रए ना आराम से. खाने दे की."

"खाऊन राहिले म्हणूनच त मरून राहिली मी."

अफसानाला समजायला जरा वेळ लागला. मग तिनं मिरच्यांचं टोपलं खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. "तौबा! सौत से जलनेवाली देखी, देवरानी से जलनेवाली देखी. कीडों से जलनेवाली आज देखी मैंने."

"हास तू. तुह्या घरात तूच एक हायस."

"मह्या घरात मही सास हाय बाई. तू ये एक दिन राह्यले." मग ती जरा हळू बोलली, "हाथ तो देख अपने. लाल हो रए. साबुन से धो ले, मैं पानी डालती."

तारानं हात पाठीमागं घेतले. "गरमीनं झालं," ती म्हणाली.

श्रावणीला चौथ्या का पाचव्या दिवशी कळलं. ती वावरात धावत आली, चप्पल हातात, कारण चिखल होता.

"ताई, काय करून राहिल्या तुमी हे?"

"दिसत नाही? निंदून राहिली."

"ताई, हे फुलावर आलं. झटकता तसं बी झडून राहिलं खाली. उपटाचं त फुलाआधी उपटा लागते. आता राहू द्या त्यायले खाऊ. त्यायच्या अळ्या हायेत यावर, उपाशी मरतीन ना."

तारा सरळ झाली. पाठीतून कळ गेली. "तुह्या किड्यायचं पोट दिसते तुले. मी सकाळची एका भाकरीवर हावो, थे पुसलं का कधी?"

"मी डबा आणते ना ताई. आत्ता आणते."

"नोको. तू फोटो काढ."

श्रावणीचा चेहरा पडला. ती तशीच उभी राहिली, आणि मग वाकून उपटायला लागली. तिला वाटलं असेल, चला, निदान मदत तरी होईल. ताराच्या अंगाचा तिळपापड झाला. आयत्या बिळावर नागोबा! दोघींनी उपटलं तर मूठ कोणाची?

"हात नोको लावू," ती ओरडली. "म्या धरलं हे वावर. मीच सोडवीन."

पलीकडे अफसाना मिरच्या तोडायची थांबली होती. श्रावणी रडत घरी गेली, पण घरी जाऊन कोणाला बोलली नाही. हे तिचं चांगलं होतं. तारा मात्र संध्याकाळभर वाट पाहत राहिली की आता म्हातारा विचारील, आता विचारील. त्यानं तुरीचं विचारलं.

गणपती उठेपर्यंत बागेचं वावर मोकळं झालं. ओल्या गवताचे ढीग जळत नव्हते, म्हणून तिनं ते अफसानाच्या धुऱ्याशी नेऊन रचले. वावर काळंभोर दिसायला लागलं. तारानं स्वतः खुशालरावांना नेलं. गाडी नको म्हणाली, हाताला धरून पांदणीच्या वाटेनं नेलं, दुपट्टा नीट गुंडाळून दिला. म्हातारा धुऱ्यावर उभा राहिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते खाजेचं की कशाचं ते त्यालाच ठाऊक.

"एकटीनं केलं तुनं?"

"हाव."

"लय झालं बाई. मूठ तुहीच."

तारा घरी आली ती उडत आली. सगळ्यांना ऐकू जाईल असं किशोरला म्हणाली, "हरभऱ्याचं बियाणं पाहून ठेवा हो, बागेच्या वावराचं." श्रावणी भाजी चिरत होती. "बरं झालं ताई," ती म्हणाली. खरं म्हणाली. तारानं तिच्या तोंडाकडं निरखून पाहिलं, कुठं काही जळताना दिसतं का म्हणून. दिसलं नाही. जिंकल्याचा अर्धा आनंद तिथंच गेला.

उरलेला अर्धा पावसानं नेला. नवरात्राच्या तोंडाशी चांगला पाऊस झाला आणि आठवड्यात बागेचं वावर हिरवं. काय हिरवं? गाजरगवत. कोथिंबिरीच्या वाफ्यासारखं दाट, लुसलुशीत. जेवढं बी झडलं होतं तेवढं सगळं. आणि खायला एक भुंगा नाही.

भुंगे गेले कुठं? ढिगांतून निघाले आणि धुरा ओलांडून हुसेनच्या बांधावर चढले. तिथलं गाजरगवत त्यांनी असं साफ केलं की अफसाना खुशालरावांना बोलवायला स्वतः घरी आली. "काका, आपके मेहमान हमारे यहाँ ठहरे हैं. चाय पीने आव, देख भी लेव." म्हातारा गेला. श्रावणीला घेऊन गेला. हुसेननं खाट टाकली. अफसानानं चहा केला. श्रावणी पानं उलटी करून अंडी दाखवत होती, म्हातारा वाकून पाहत होता, हुसेनही वाकून पाहत होता. तारा इकडं खुरपं घेऊन बागेच्या वावरात उकिडवी बसली होती आणि एकेक कोवळं रोप काढत होती. तिला चहाला कोणी हाक मारली नाही असं नाही. अफसानानं तीनदा मारली. ती गेली नाही.

श्रावणीनं एकदाही म्हटलं नाही की ताई, मी सांगितलं होतं. एका शब्दानं म्हटली असती तर तारानं दहा ऐकवले असते आणि मोकळी झाली असती. पण ती पोरगी गप्प राहिली, आणि गप्प बसणाऱ्याशी भांडायचं कसं?

किशोरनं वखर मारला. पुन्हा उगवलं तसा पुन्हा मारला. वावर एकदाचं पेरणीजोगं झालं. पण ताराचे हात गेले. आधी बोटांच्या बेचक्यात खाज आली, मग बारीक पुरळ, मग पाण्याचे फोड. फोड फुटून भेगा पडल्या. मनगटं सुजली. बांगड्या साबण लावून काढाव्या लागल्या. उन्हात गेली की मान पेटायची आणि सकाळी पापण्या जड व्हायच्या. हे काय आहे ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती. दुसऱ्याच्या अंगावर तिनं ते रोज पाहिलं होतं, स्वतःच्या हातानं मलम लावला होता.

"डॉक्टरले दाखव," किशोर म्हणाला.

"पेरणी होऊ द्या."

"पेरणीचं काय घेऊन बसली?"

"डॉक्टर म्हणीन वावरात जाऊ नोको. मंग मूठ कोण टाकीन?"

तिनं खोबरेल तेलात हळद कालवून हातांना लावली, वरून जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळल्या, आणि कोणी विचारलं की पोळलं म्हणून सांगायला लागली. संध्याकाळी वावर सांगायला बसली की हात पदराखाली.

पेरणीचा दिवस उजाडला. बैलजोडी हुसेनची, कारण घरी आता बैल नव्हते. पहिल्या ओळीपुरती त्यानं दिली होती. पलीकडं रस्त्यावर भाड्याचा ट्रॅक्टर उभा होता. शुभंकरनं नारळ फोडला. श्रावणीनं तिफणीला हळदकुंकू लावलं, बैलांना लावलं, मग ताराला लावलं आणि वाकून पाया पडली. खुशालराव पांढरा सदरा घालून, दुपट्टा गुंडाळून वावरात उभे होते. अनवाणी. एवढ्या सालांनी त्यांच्या तळव्यांना ती माती लागली होती.

तारानं चिंध्या घरीच काढून हात पदराखाली घेतले होते. चिंध्या बांधलेल्या हातानं मूठ टाकतात का कुठं? पदराची ओटी केली, ओटीत हरभरा. बियाण्याला बुरशीचं औषध चोळलेलं होतं. ते भेगांत गेलं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. तिनं दात दाबले, मूठ भरली, आणि तिफणीमागं दोरीनं बांधलेली बांबूची नळी डाव्या हातानं धरली.

"हाकू?" किशोरनं विचारलं.

"हाका."

बैल निघाले. मुठीतून दाणा सोडायचा तो अंगठ्यानं ढकलत, एकामागं एक, पावलाच्या ठेक्यावर. तारा झोपेतही टाकू शकली असती. चार पावलं दाणे बरे पडले. मग बोटं अडली. सुजलेल्या बोटांतून दाणा सुटेना, आणि सुटला तेव्हा सात-आठ एकदम गेले. मग काहीच नाही. मग पुन्हा घोळका.

मागून चालणाऱ्या खुशालरावांना ओळीत ते दिसलं.

"थांबवू का बाबा?" किशोर म्हणाला.

"थांबू नोको. ताराच्या हातची हाय. दाट पडो, पातळ पडो."

ताराचं मन भरून आलं. बस, एवढंच तर पाहिजे होतं! ती पुढं चालली. मागं म्हातारा खाली बसला, जिथं जास्त पडले होते तिथले दाणे उचलून मोकळ्या जागी ठेवायला लागला. श्रावणी धावत आली, तीही त्याच्या बाजूला बसली. आता मागं दोघं होते, ओळीच्या दोन अंगांना, आणि त्यांचं बोलणं ताराच्या कानावर येत होतं.

"मामाजी, इथं पाच पडले एकाच जागी."

"काढ दोन. इकडं ठेव. असं, बोटानं माती लोट. तुही सासू लय गमतीची होती पोरी. मूठ टाकताना गाणं म्हणे, पण मनातल्या मनात, नुसते ओठ हालत. म्या एकदा पुसलं काय म्हणतं, तं लाजली. वावरातून पळाली घरी, बैल तसेच उभे."

श्रावणी हसली. म्हातारा हसला.

हे त्यानं ताराला कधी सांगितलं नव्हतं. इतक्या सालांच्या संध्याकाळी ती त्याला वावर सांगत राहिली, त्यानं तिला तूर विचारली, पाणी विचारलं, रोही विचारले. पार्बताबाईच्या ओठांचं कधी सांगितलं नाही. आज मूठ ताराच्या हातात होती आणि ते बोलणं मागं चाललं होतं, किडेवालीशी.

"मांगं पाहू नोको," किशोर म्हणाला, "नळी वाकडी होते."

तारानं मागं पाहणं सोडलं. आणि मूठही मिटली. घट्ट. नळी धरून ती नुसती चालत राहिली. बैल चालले, तिफण चालली, ओळ उघडत गेली आणि तिच्यात एक दाणा पडला नाही.

मागची दोघं वाकून शोधत आली. इथं नाही, तिथं नाही. श्रावणीनं बोटानं माती उकरून पाहिली. खुशालराव उठून उभे राहिले.

"तारा, अवं दाणा कुठी हाय?"

"मह्या मुठीत हाय."

"टाक ना मंग."

"तुमी इकडं या."

किशोरनं बैल थांबवले. शुभंकर रस्त्यावरून ओरडला, काय झालं म्हणून. म्हातारा ढेकळांतून हळूहळू चालत आला. जवळ येऊन त्यानं तिची मूठ आपल्या हातात घेतली. ती उघडली नाही. तारा उघडायला बघत होती, पण आता बोटंच ऐकत नव्हती. त्यानं करंगळी उचलली. मग बाजूचं बोट. एकेक करून उघडली. फोडांच्या पाण्यात हरभरा चिकटून बसला होता, भेगांत औषधाची लाल रेघ. खालचा त्याचा हात आणि वरचा तिचा हात, कातडी सारखीच.

"हे कधीपासून?"

तारानं हात मागं ओढला, त्यानं सोडला नाही.

"काहून व बाई?" खुशालरावांचा आवाज फाटला. "दुसरं काहीच नाही भेटलं का या घरात घ्याले? मूठ मागतली असती त म्या नाही म्हटलं असतं का?"

"मागून घेतलेली मूठ काय कामाची?" तारा म्हणाली. आणि मग इतक्या दिवसांचं ते रडू आलंच. रडता रडता ती म्हणाली, "मले बी सांगा ना."

"काय सांगू?"

"सासूबाई काय करत होत्या थे. तिले सांगितलं, मले कधीच नाही सांगितलं."

म्हाताऱ्यानं तिच्या तळहाताला चिकटलेला एक दाणा नखानं हळूच सोडवला, ओळीत टाकला, आणि म्हणाला, "पार्बता ना, ओठ हालवे नुसते..."

तेवढ्यात श्रावणी पाण्याचा डबा घेऊन धावत आली. साडी घोट्यापर्यंत मातीत, चेहरा पांढराफटक. "ताई, पाहू द्या हात. मी धुऊन देते. आपण आत्ताच मोर्शीले जाऊ."

तारानं बोटं कशीबशी पुन्हा मिटली आणि मूठ पदराखाली घेतली.

"तू थांब व जराशी," ती म्हणाली. "आमचं बोलणं चालू हाय."